उपग्रह, यंत्रमानव आणि गुंठ्याची शेती

बंगळूर शहराच्या उत्तरेला देवनहळ्ळी आणि दोड्डबळ्ळापूर या तालुक्यांतील जमीन वरवर पाहिली, तर तिचा तांबडा रंग सर्वत्र सारखाच भासतो. प्रत्यक्षात ती सारखी नाही. उताराच्या माथ्यावर पाणी न धरणारा मुरमाड थर, मध्यावर हलकी माती आणि पायथ्याशी, एखाद्या जुन्या तळ्याच्या बुडाला, ओल धरून ठेवणारी खोल माती, असा क्रम एकाच शेतकऱ्याच्या मालकीच्या दोन-तीन एकरांतही आढळतो. येथे नाचणी हे मुख्य खरीप पीक होय. माथ्यावरची नाचणी पावसाने आठ-दहा दिवस ओढ दिली की पिवळी पडू लागते. पायथ्याची त्याच वेळी हिरवीगार असते. शेतकऱ्याला हे ठाऊक असते. ‘तो वरचा तुकडा’ आणि ‘तो खालचा तुकडा’ अशीच त्याची भाषा असते आणि शेणखताच्या पाट्या कोठे अधिक टाकावयाच्या, हे तो त्यावरूनच ठरवीत आला.

रासायनिक खते आली, तशी एकरी इतके किलो अशी शिफारसही आली. ही शिफारस सरासरीवर आधारलेली असते. सरासरीने दिलेले खत माथ्यावर वाहून जाते, मध्यावर कसेबसे पुरते आणि पायथ्याशी नको तितके होते. शेताच्या प्रत्येक भागाला त्याच्या गरजेइतकेच बी, पाणी, खत व औषध, तेही योग्य वेळी द्यावयाचे, या पद्धतीला ‘काटेकोर शेती’ म्हणतात. कल्पना जुनीच आहे. नवीन आहे ती साधने.

अमेरिकेत या साधनांचा प्रसार १९९० नंतरच्या दशकात वेगाने झाला. कापणी यंत्रावर धान्य मोजणारे उपकरण बसविण्यात आले. यंत्र शेतात नेमके कोठे आहे हे सांगणारी उपग्रहीय स्थाननिर्धारण प्रणाली १९९५ मध्ये पूर्णत्वाने सुरू झाली. आणि या दोहोंच्या जोडीने शेताच्या कोणत्या कोपऱ्यात किती पिकले, याचा नकाशा काढता येऊ लागला. मात्र तेथे शेताचा जो ‘भाग’ वेगळा काढला जातो, तो पुष्कळदा आपल्याकडच्या संपूर्ण शेताहून मोठा असतो. भारतात २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार सरासरी वहितीधारण १.०८ हेक्टर, म्हणजे पावणेतीन एकरांच्या आतच भरले. तेव्हा ही साधने येथे कितपत उपयोगी पडतात, हे पाहण्यासाठी आपल्या मोजमापानेच आरंभ केला पाहिजे. कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत शेतकऱ्याच्या तोंडी असलेले ते माप म्हणजे गुंठा: ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद एवढी जागा, अशा ४० गुंठ्यांचा एक एकर.

पान आणि प्रकाश

दूरसंवेदन म्हणजे वस्तूला स्पर्श न करता, तिच्यापासून येणाऱ्या प्रारणांवरून तिची माहिती मिळविणे. आपला डोळा हेच करतो. परंतु डोळ्याला प्रकाशाचा एक अरुंद पट्टाच दिसतो. पानातील हरितद्रव्य तांबडा आणि निळा प्रकाश शोषून घेते व हिरवा त्यामानाने अधिक परावर्तित करते, म्हणून पान हिरवे दिसते. तांबड्याच्या पलीकडे अवरक्त किरण असतात. त्यांपैकी दृश्य प्रकाशाला लागून असलेल्या ‘निकट अवरक्त’ किरणांचा हरितद्रव्याशी संबंध नाही. पानाच्या आतील पोकळ, स्पंजासारख्या पेशीरचनेत ते इकडून तिकडे विखुरले जातात आणि त्यांचा मोठा भाग परत फिरतो. निरोगी पान या किरणांत अत्यंत तेजस्वी असते. आपल्याला ते तेज दिसत नाही, एवढेच.

पान आजारी पडले किंवा त्याचे पाणी आटले, की दोन गोष्टी घडतात. हरितद्रव्य घटल्याने तांबड्या प्रकाशाचे परावर्तन वाढते आणि आतील रचना ढासळल्याने निकट अवरक्ताचे परावर्तन कमी होते. या दोन परावर्तनांतील फरकाला त्यांच्या बेरजेने भागले असता जी संख्या मिळते, तिला ‘वनस्पती निर्देशांक’ म्हणतात. उदाहरणादाखल, एखादे जोमदार पीक निकट अवरक्ताचे ४५ टक्के आणि तांबड्याचे ५ टक्के परावर्तन करीत असेल, तर फरक ४०, बेरीज ५० आणि निर्देशांक ०.८ येईल. तेच पीक सुकू लागून ही परावर्तने ३० आणि १५ टक्के झाली, तर निर्देशांक ०.३३ वर उतरेल. उघड्या जमिनीचा निर्देशांक शून्याच्या थोडा वर राहतो, तर पाण्याचा बहुधा शून्याखाली जातो. भागाकारामुळे एक लाभ असा होतो, की ऊन कमी-अधिक असले तरी दोन्ही परावर्तने साधारण सारख्या प्रमाणात बदलतात आणि निर्देशांक फारसा हलत नाही.

भारतात या तत्त्वाचा पहिला उपयोग कल्पवृक्षासाठी झाला, हे लक्षणीय आहे. केरळातील नारळीच्या बागांना मूळकुजीसदृश रोगाने ग्रासले होते. १९७० च्या सुमारास प्रा. पी. आर. पिशारोटी यांच्या नेतृत्वाखाली हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर या बागांची छायाचित्रे घेण्यात आली. जमिनीवरून पाहणाऱ्याला झाड अद्याप धडधाकट वाटत असतानाही त्या छायाचित्रांत रोगट झाडे वेगळी उठून दिसत होती. पुढे १९७४-७५ मध्ये भारतीय अंतराळ संशोधन संस्था आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषद यांनी मिळून आंध्र प्रदेशातील अनंतपूर आणि पंजाबातील पतियाळा या जिल्ह्यांत विमानातून पिकांची पाहणी केली. उपग्रह अद्याप आला नव्हता, तरी तो आल्यावर काय पाहावयाचे, याची तालीम झालेली होती.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. निर्देशांक पिकाची स्थिती खालावली एवढे दाखवितो. ती का खालावली हे दाखवीत नाही. नत्र कमी पडले, पाणी साचले, मुळे कुजली की जस्ताचा अभाव आहे, या सर्वांचे चित्र वरून बरेचसे एकसारखे दिसू शकते. कर्नाटकात २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘भूचेतना’ कार्यक्रमात गावोगावच्या मातीचे नमुने तपासले गेले, तेव्हा कोरडवाहू जमिनीत गंधक, जस्त आणि बोरॉन यांची व्यापक उणीव उघड झाली. ही उणीव प्रयोगशाळेत मातीची पुडी गेली म्हणून कळली. उपग्रहाच्या चित्राने मातीपरीक्षणाची गरज संपते, असा जो समज उत्साहाच्या भरात पसरविला जातो, तो निराधार आहे. पुडी शेताच्या कोणत्या भागातून घ्यावी, हे मात्र चित्रावरून फार चांगले ठरविता येते.

चौकोनाचा आकार

उपग्रहाचे चित्र हे लहान लहान चौकोनांचे बनलेले असते. प्रत्येक चौकोनाला चित्रघटक म्हणतात आणि त्याच्या आत जे काही असेल, त्या सर्वांची मिळून एकच संख्या नोंदली जाते. तेव्हा एका चौकोनात किती गुंठे मावतात, हा शेतकऱ्याच्या दृष्टीने कळीचा प्रश्न ठरतो.

बंगळूरला तयार झालेला ‘भास्कर-१’ हा उपग्रह ७ जून १९७९ रोजी सोडण्यात आला. त्याच्या दूरचित्रवाणी कॅमेऱ्यांचा चौकोन सुमारे एक किलोमीटर बाजूचा होता. एका चौकोनात जवळजवळ ९,९०० गुंठे, म्हणजे एखाद्या लहान गावाचे शिवारच्या शिवार. १७ मार्च १९८८ रोजी ‘आयआरएस-१ ए’ हा खऱ्या अर्थाने कामाचा पहिला भारतीय दूरसंवेदन उपग्रह बैकानूरहून अवकाशात गेला. त्याच्या एका कॅमेऱ्याचा चौकोन ७२.५ मीटरांचा, म्हणजे ५२ गुंठ्यांचा होता, दुसऱ्याचा ३६.२५ मीटरांचा, म्हणजे १३ गुंठ्यांचा. १९९५ च्या २८ डिसेंबरला गेलेल्या ‘आयआरएस-१ सी’ ने बहुवर्णी चित्रात तो साडेपाच गुंठ्यांवर आणला. २००३ पासूनच्या ‘रिसोर्ससॅट’ मालिकेतील सर्वांत तीक्ष्ण कॅमेऱ्याचा चौकोन ५.८ मीटरांचा, म्हणजे गुंठ्याच्या एक-तृतीयांशाएवढा आहे. युरोपीय देशांच्या ‘सेंटिनेल-२’ या उपग्रहांची चित्रे २०१५ पासून सर्वांना विनामूल्य मिळतात. त्यांचा चौकोन दहा मीटरांचा, म्हणजे १०० चौरस मीटरांचा आहे. गुंठा भरतो १०१ चौरस मीटर. ब्रिटिश अमदानीतील मोजणीची साखळी आणि युरोपातील भिंग यांचे माप असे योगायोगाने जुळले आहे.

तीक्ष्ण नजरेची किंमतही द्यावी लागते. बारीक पाहणारा कॅमेरा एका वेळी अरुंद पट्टाच पाहू शकतो, म्हणून त्याच जागेवर परत येण्यास त्याला अधिक दिवस लागतात. पिकाला तर आठवड्याचा उशीरही पुष्कळ होतो. यासाठी भरड नजरेचा परंतु वारंवार येणारा आणि तीक्ष्ण नजरेचा परंतु क्वचित येणारा, अशा दोन्ही उपग्रहांची चित्रे एकत्र वाचावी लागतात.

चौकोन लहान झाला तरी एक अडचण उरतेच. बंगळूर परिसरातील कोरडवाहू शेतात नाचणी क्वचितच एकटी असते. नाचणीच्या काही ओळींनंतर वाल, तूर, मोहरी, कारळा किंवा एरंड यांची एखादी ओळ टाकण्याची जुनी पद्धत येथे आहे; तिला कन्नडमध्ये ‘अक्कडी सालु’ म्हणतात. पाऊस दगा देईल तेव्हा यांतील काही ना काही हाती लागते. एका चौकोनात मात्र नाचणी, वाल आणि मोहरी यांची बेरीज नोंदली जाते आणि तिचे रूप यांपैकी कोणत्याच पिकाशी जुळत नाही. संगणकाला एकपीक शेत वाचणे सोपे जाते. शेतकऱ्याने आपले विमा-कवच संगणकाच्या सोयीसाठी मोडावे, असे कोणी म्हणणार नाही; पण पाहणीच्या पद्धती ठरविताना नकळत तसे होऊ शकते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

दुसरी अडचण ढगांची. नाचणीची पेरणी जूनअखेरपासून होते आणि ज्या दोन-तीन महिन्यांत तिची स्थिती समजणे सर्वांत आवश्यक, त्याच महिन्यांत आकाश झाकलेले असते. सूक्ष्मतरंग ढगांतून आरपार जातात. रडार उपग्रह स्वतःच असे तरंग जमिनीकडे सोडतो आणि परत येणारा प्रतिध्वनी मोजतो, म्हणून त्याला ढग किंवा रात्र यांची बाधा नाही. शांत पाण्यावरून तरंग पुढे निसटतात व चित्रात ती जागा काळी उमटते. चिखलणी करून नुकतेच लावलेले भाताचे खाचर असे ओळखता येते. पीक वाढू लागले, की पानांच्या गर्दीत तरंग विखुरतात आणि चित्र उजळत जाते. ओली माती कोरड्या मातीहून अधिक प्रतिध्वनी देते. भारताने २०१२ च्या एप्रिलमध्ये ‘रिसॅट-१’ सोडला. त्यानंतर भारत आणि अमेरिका यांनी मिळून तयार केलेल्या ‘निसार’ उपग्रहाची दोन रडारयंत्रे २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातून बंगळूरला आणून येथे ती उपग्रहावर चढविण्यात आली, आणि ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून त्याचे उड्डाण झाले. दर १२ दिवसांनी त्याच जागेवर परतणाऱ्या या उपग्रहाच्या कामांत पिकांची आणि जमिनीतील ओलाव्याची पाहणीही समाविष्ट आहे.

शेतात उतरलेले यंत्र

उपग्रह पाहतो, पण हात लावीत नाही. ते काम यंत्रमानवाचे. यंत्रमानव म्हटले की माणसासारखे हातपाय असलेली आकृती डोळ्यांपुढे येते. शेतातील यंत्रमानव बहुधा चार चाकांची गाडी, ट्रॅक्टरमागील दांडा किंवा पंखे लावलेली उडती चौकट असतो. पाहणे, ठरविणे आणि करणे ही तिन्ही कामे जे माणसाच्या हाताविना करते, त्याला यंत्रमानव म्हणावयाचे.

निवडक फवारणीचे यंत्र हे याचे उत्तम उदाहरण होय. बंगळूरमध्येही अशी यंत्रे विकसित झाली आहेत. आडव्या दांड्यावर कॅमेरे आणि त्यांच्यामागे फवाऱ्याची तोंडे असतात. कॅमेरा जमिनीचे चित्र घेतो, संगणक त्यात पिकाचे रोप कोणते व तण कोणते हे ओळखतो आणि नेमके तेवढेच तोंड क्षणभर उघडले जाते. यंत्र ताशी पाच किलोमीटर वेगाने चालले, म्हणजे माणसाच्या चालीने, आणि कॅमेरा फवाऱ्याच्या एक मीटर पुढे असला, तर या साऱ्या विचाराला सुमारे पाऊण सेकंद मिळतो. उघड्या तांबड्या मातीवरील हिरवे तण ओळखणे सोपे आहे. हिरव्या पिकातील हिरवे तण ओळखण्यासाठी संगणकाला अशा असंख्य रोपांची चित्रे आधी दाखवून शिकवावे लागते. तो शिकतो ते दाखविलेल्या चित्रांपुरतेच. मिश्रपिकाच्या शेतात मोहरीचे रोप त्याच्या लेखी तणच ठरण्याचा संभव असतो.

तण म्हणजे काय, हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. बंगळूर आणि कोलार या भागांत नाचणीच्या शेतात आपोआप उगवणाऱ्या अनेक पालेभाज्या खुरपणी करणाऱ्या स्त्रिया ओटीत जमा करून घरी नेतात. या मिश्र भाजीला ‘बेरके सोप्पु’ म्हणतात आणि नाचणीच्या मुद्द्याबरोबर तिचे कालवण आवडीने खाल्ले जाते. महाराष्ट्रातील घोळ किंवा तांदुळजा यांची गोष्ट याहून वेगळी नाही. यंत्राच्या कॅमेऱ्याला येथे फक्त एक हिरवा ठिपका दिसतो.

मजुरीचा प्रश्न याहून गंभीर आहे. खुरपणी हे प्रामुख्याने स्त्रियांचे काम आणि अनेक भूमिहीन कुटुंबांत हंगामातील रोकड तेवढ्यावरच येते. दुसऱ्या बाजूने, शहर पसरत गेल्यामुळे बंगळूरच्या आसपास ऐन हंगामात मजूर मिळेनासे झाले, हीही वस्तुस्थिती आहे. जेथे माणसे मिळत नाहीत तेथे यंत्राने खुरपणी करणे आणि जेथे माणसांना दुसरे काम नाही तेथे तेच करणे, या दोन गोष्टी एकाच मापाने मोजता येणार नाहीत. फवारणीच्या बाबतीत मात्र असा संदेह राहू नये. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. पाठीवर पंप, डोक्याच्या वर गेलेली पराटी आणि तोंडाला नुसता रुमाल, अशा स्थितीत माणसाने करावे असे हे काम नव्हे. ड्रोनच्या टाकीत साधारण दहा लिटर द्रावण मावते आणि तेवढ्यात सुमारे एक एकर होते. केंद्र शासनाने २०२१ च्या ऑगस्टमध्ये ड्रोनविषयक नवे नियम केले व २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये महिलांच्या १५,००० बचत गटांना ड्रोन पुरविण्याची योजना संमत केली. द्रावण मात्र अतिशय दाट असते आणि वाऱ्याने ते शेजारच्या तुतीच्या मळ्यावर गेले, तर तो पाला खाणारे रेशीमकिडे मरतात. बंगळूरच्या परिसरात रेशीम हा घरोघरचा धंदा असल्यामुळे हा धोका काल्पनिक नाही.

इंग्लंडमधील हार्पर ॲडम्स विद्यापीठात २०१७ मध्ये एका हेक्टरवर बार्लीचे पीक पेरणीपासून कापणीपर्यंत शेतात माणसाचे पाऊल न पडता घेण्यात आले. तेथे एक हेक्टर हा प्रयोगाचा तुकडा होता. आपल्याकडे तेवढ्यात एक कुटुंब राहते. असे यंत्र विकत घेणे त्या कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे आहे. ते भाड्यानेच मिळाले पाहिजे. कर्नाटकात ‘कृषी यंत्रधारे’ योजनेतील केंद्रांतून ट्रॅक्टर व मळणीयंत्रे ज्या रीतीने भाड्याने मिळतात, तीच वाट या यंत्रांनाही घ्यावी लागेल. बंगळूरला लागून असलेल्या तामिळनाडूच्या धर्मपुरी आणि कृष्णगिरी जिल्ह्यांत २००४-०५ पासून तीन वर्षांत ४०० हेक्टरांवर काटेकोर शेतीचा जो प्रकल्प झाला, त्यात यंत्रमानव मुळीच नव्हते. ठिबक सिंचन, त्यातूनच मोजून दिलेली विद्राव्य खते, ट्रेमध्ये वाढविलेली रोपे आणि माल एकत्र विकण्यासाठी शेतकऱ्यांचे संघ एवढ्याच सामग्रीवर तो चालला.

कापणी प्रयोगाचा चौकोन

दूरसंवेदनाचा शेतकऱ्याच्या खिशाशी सर्वांत थेट संबंध पीक विम्यात येतो. नुकसानभरपाई ठरविण्यासाठी गावातील निवडक शेतांत ठरावीक मापाचा तुकडा आखून त्यातील पीक कापून वजन करतात. यालाच कापणी प्रयोग म्हणतात. या तुकड्याचे माप किती असावे, यावर १९४० नंतरच्या दशकात भारतात मोठा वाद झाला. प्रशांतचंद्र महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे होते. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले सांख्यिकीतज्ज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४६ मध्ये दाखवून दिले, की तुकडा फार लहान घेतल्यास कडेची रोपे आत ओढली जातात आणि उत्पन्न प्रत्यक्षाहून अधिक भासते. आज सामान्यतः पाच मीटर बाजूचा चौकोन घेतला जातो, म्हणजे पाव गुंठा.

पिकांच्या अंदाजासाठी २०१२ मध्ये दिल्लीत स्थापन झालेल्या राष्ट्रीय केंद्राला महालनोबिस यांचेच नाव आहे. २०२३ च्या खरिपापासून भात आणि पुढे गहू या पिकांच्या विम्यात, उत्पन्न ठरविताना दूरसंवेदनादी तंत्रांनी काढलेल्या अंदाजाला किमान ३० टक्के वजन देण्याचे ठरले. उरलेले वजन कापणी प्रयोगाचेच. दोहोंचा मेळ घालण्यासाठी प्रयोगाची जागा भ्रमणध्वनीवर अक्षांश-रेखांशांसह नोंदली जाते. साध्या भ्रमणध्वनीची चूक तीन ते पाच मीटरांची असू शकते आणि प्रयोगाचा चौकोन स्वतःच पाच मीटरांचा आहे. त्यामुळे कापलेली नाचणी एका शेतातली आणि तिच्या नावाने वाचलेला चित्रघटक बांधापलीकडच्या शेतातला, असे घडू शकते. म्हणून प्रयोगाची जागा बांधापासून आत, शेताच्या मध्याकडे घ्यावी लागते. दोरी, खुंट्या आणि तराजू घेऊन शेतात उतरणाऱ्या कर्मचाऱ्याच्या उपस्थितीत शेतमालकानेही ही नोंद आपल्या डोळ्यांनी तपासून पाहावी. चौकोनाचा नैर्ऋत्य कोपरा कोठे धरला, नोंद त्या कोपऱ्याची झाली की मध्याची आणि कापलेले पीक वजन होईपर्यंत कोठे ठेवले, हे तीन प्रश्न त्याने त्याच वेळी विचारावेत. पुढे चित्र आणि वजन यांत तफावत निघाली, तर त्या उत्तरांवरूनच तिचा उलगडा होतो.